वाचक विचारतात: म्युझिक मशीन हा एका गाण्याचा बँड होता का?

मागच्या अंकात लॉस एंजेलिसच्या ‘द म्युझिक मशीन’ या बँडच्या ‘टॉक टॉक’ या १९६६ च्या गाण्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतोय.

‘टॉक टॉक’ ऐकून वेड लागलं म्हणून त्यांचा पहिला अल्बम लावला, तर त्यात ‘टॅक्समन’, ‘चेरी चेरी’, ‘९६ टिअर्स’, सगळी दुसऱ्यांची गाणी. मित्र म्हणतो, एक गाणं जमलं आणि बाकी नुसती भरती. खरंय का? – एक वाचक, नाशिक

मित्राचं ऐकू नका. म्हणजे अल्बमबद्दल तो चुकीचं बोलत नाहीये, पण बँडबद्दल साफ चुकतोय, आणि हा बँड मागे पडला त्याचं मोठं कारण मला विचाराल तर हाच अल्बम आहे.

आधी थोडं मागे जाऊ. या बँडचा गायक आणि गाणी लिहिणारा शॉन बॉनिवेल हा मूळचा फोक, म्हणजे लोकगीतांच्या ढंगाची गाणी, गाणारा माणूस, ‘वेफेअरर्स’ नावाच्या फोक ग्रुपमध्ये होता. १९६५ मध्ये त्याने बास वाजवणारा कीथ ओल्सन आणि ड्रमर रॉन एडगर यांना घेऊन ‘रॅगामफिन्स’ काढला, पुढच्या वर्षी गिटारला मार्क लँडन आणि ऑर्गनला डग ऱ्होड्स आले आणि नाव झालं म्युझिक मशीन. पाचही जण नखशिखांत काळ्या कपड्यांत, केस काळे रंगवलेले, आणि एका हातात काळा चामड्याचा हातमोजा. एकाच हातात. १९६६ मध्ये, जेव्हा बाकीचे बँड रंगीबेरंगी शर्ट घालून टीव्हीवर हसत होते!

आता यातली मुख्य गोष्ट. त्या काळी क्लबमध्ये वाजवायचं म्हणजे रेडिओवरची हिट गाणी वाजवायची, लोक मधेमधे ओरडून फर्माईश करणार आणि बँडने ती पुरी करायची, हा तिथला रिवाजच होता. बॉनिवेलला ते नको होतं, म्हणून त्याने काय केलं तर दोन गाण्यांच्या मधली जागाच काढून टाकली, एक गाणं संपतंय तोवर छोटासा वाद्यांचा तुकडा आणि त्यातून थेट पुढचं गाणं, टाळ्या वाजवायलाही उसंत नाही, मग फर्माईश कुठून करणार. याच्यासाठी तालीम किती लागत असेल याचा विचार करा. त्यांचं वाजवणं ऐकलं की तो घोटून घोटून आलेला पक्केपणा कळतो, कुठेही सैल धागा नाही.

आणि अशा माणसाच्या पहिल्याच एलपीवर, ‘(टर्न ऑन) द म्युझिक मशीन’वर, बारापैकी पाच गाणी दुसऱ्यांची! ‘टॉक टॉक’ वर चढत होतं, कंपनीला दुकानात एलपी लवकर हवी होती, ओळखीची गाणी असली की खपते हा तेव्हाचा सरळ हिशोब. बॉनिवेलला हे अजिबात रुचलं नव्हतं आणि त्याने ते पुढे उघडपणे सांगितलंही. मला त्याचं दुःख समजतं, कारण ज्या गोष्टीपासून वाचण्यासाठी त्याने स्टेजवरचा सगळा प्रकार बसवला तीच गोष्ट रेकॉर्डवर त्याच्या नावाने कायमची छापली गेली. आजही कोणी हा बँड शोधला की पहिल्यांदा हातात येतो तो हाच अल्बम, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला माणूस म्हणतो, अरे हे तर कव्हर बँडसारखं वाटतंय, आणि बंद करतो. तुमचंही तेच झालं.

तेव्हा एक करा, ती पाच गाणी बाजूला काढा. उरलेली सात बॉनिवेलची स्वतःची आहेत: ‘टॉक टॉक’, ‘ट्रबल’, ‘राँग’, ‘मॅस्क्युलिन इंट्युइशन’, ‘द पीपल इन मी’, ‘कम ऑन इन’ आणि ‘सम अदर ड्रम’. एवढी सलग ऐका आणि मग मित्राला फोन करा. पाचातलं एक मात्र मी परत आत घेईन, ‘हे जो’. त्या वर्षी लॉस एंजेलिसचे बँड हे गाणं धावत-पळत वाजवायचे, यांनी ते एकदम संथ, जड करून टाकलंय, आणि बॉनिवेलचा खालचा आवाज त्यात असा काही लागलाय की ते त्याचंच होऊन जातं.

मी गिटार वाजवते. ‘टॉक टॉक’च्या बरोबर वाजवायला बसले की सूर लागतच नाही, आणि त्यांचा आवाज इतका जाड कसा येतो? – एक वाचक, पुणे

सूर लागत नाही कारण त्यांची वाद्यं खाली उतरवलेली होती! गिटारची जाड तार नेहमी ई ला लावतात, यांनी गिटार आणि बास डी फ्लॅटपर्यंत खाली आणले होते. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनवरून थेट काळी एक. तारा सैल पडल्या की आवाज भरीव, घोगरा होतो, आणि त्यावर फझ, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारं यंत्र, लावलं की तो खरखरीत जाडपणा येतो. हेवी मेटलवाले खाली लावलेल्या गिटारी घेऊन आले ते यानंतर, १९६६ मध्ये हे करणारे फार थोडे होते. तुम्ही सगळ्या तारा तीन सेमीटोन खाली उतरवून बघा, हाताखाली लगेच फरक जाणवेल. तारा थोड्या जाड गेजच्या घेतल्यात तर फडफडणार नाहीत.

पण नुसतं ट्यूनिंग करून ते गाणं येत नाही हेही सांगतो. हेडफोन लावून ‘टॉक टॉक’ची पहिली काही सेकंद परत परत ऐका. फझ गिटार आणि बास मिळून ठोसे मारतात आणि लगेच थांबतात. त्या थांबण्यात ड्रम घुसतो, मग परत ठोसे. सगळे एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी उचलतात, कोणाचीही तार मागे वाजत राहत नाही. त्यात बॉनिवेल खर्जातून बोलल्यासारखं गात येतो आणि ओळ संपेपर्यंत गुरगुरायला लागतो. गाण्यातल्या मुलाबद्दल लोक नाही नाही ते बोलतायत, त्याचं नाव खराब झालंय, आणि तो आतल्या आत चिडलाय, आणि त्याची ती घुसमट शब्दांपेक्षा या अडत-अडत जाणाऱ्या तालात जास्त आहे. दोन मिनिटं पण पूर्ण होत नाहीत, एक मिनिट छप्पन्न सेकंदात खेळ खलास. एवढ्या वेळात त्यांनी जे बसवलंय ते मला आजही थक्क करतं. तेव्हा सरावाला बसाल तर आधी थांबणं शिका, हात तारांवर ठेवून आवाज तोडणं, रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, सोपा आहे, तो आपोआप येईल.

‘टॉक टॉक’ आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं, नंतरचं बरंचसं काम मात्र त्यांची कंपनी ‘ओरिजिनल साऊंड’च्या स्वतःच्या स्टुडिओत झालं आणि तिथे पॉल बफ या इंजिनिअरने स्वतः बनवलेला दहा ट्रॅकचा रेकॉर्डर होता, म्हणजे दहा आवाज वेगवेगळे टिपता यायचे. त्या काळात चार ट्रॅक म्हणजे चांगली सोय समजायचे, तिथे दहा! म्हणून त्यांच्या बहुतेक गाण्यांत ऑर्गन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर न पडता वेगवेगळे ऐकू येतात. जमल्यास मोनो मिक्स (दोन्ही कानांत एकच आवाज येणारी आवृत्ती) शोधा, ठोसा त्यात जास्त बसतो असं माझं मत.

यांना सायकेडेलिक का म्हणतात? ना सितार, ना फुलं, ना दहा-दहा मिनिटांचे सोलो. – एक वाचक, ठाणे

प्रश्न रास्त आहे. सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखं वाटणारं संगीत, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सॅन फ्रान्सिस्को येतं, फुलं, मोकळेढाकळे लोक, तासभर चाललेलं जॅमिंग. लॉस एंजेलिसची हवा निराळी होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिथल्या सनसेट स्ट्रिपवर रात्रीच्या कर्फ्यूवरून पोरं आणि पोलीस समोरासमोर आले होते, ‘टॉक टॉक’ तेव्हाच रेडिओवर वाजत होतं. या बँडचं सायकेडेलिया त्या रस्त्यावरचं आहे, काळोखं, आत वळलेलं, थोडं संशयी.

ते सगळ्यात स्पष्ट ऐकायचं असेल तर १९६७ चं ‘द ईगल नेव्हर हंट्स द फ्लाय’ लावा. माझ्या मते हे त्यांचं सर्वोत्तम गाणं, ‘टॉक टॉक’पेक्षाही वरचं, आणि मी हे विचार करून लिहितोय. फझ आणि ऑर्गन दोन्ही इतके खाली, इतके एकमेकांत मिसळलेले की कोणतं वाद्य कुठे संपतं ते कळत नाही, आणि त्यावर बॉनिवेलचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा. गाणं डोक्यात घुसतं आणि राहतं. ते चाललं नाही. लोकांना त्या उन्हाळ्यात वेगळं काहीतरी हवं होतं, आणि या काळ्या कपड्यांतल्या लोकांकडे ते नव्हतं.

आणि एक बाजू राहते ती फोकची. ‘सम अदर ड्रम’ ऐका, हलकंफुलकं, जवळजवळ शीळ घालत म्हणावं असं गाणं. हाच माणूस तेही लिहित होता. नुसता फझ काढून बॉनिवेल समजत नाही, त्याची चाल आणि शब्द बसवण्याची पद्धत फोकमधून आलीय.

एवढे चांगले होते तर टिकले का नाहीत? पुढे काय झालं त्यांचं? – एक वाचक, सोलापूर

‘टॉक टॉक’ अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या हिट गाण्यांच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यानंतरचं ‘द पीपल इन मी’ ६६ वर अडकलं. त्यापुढची गाणी तेवढीही वर गेली नाहीत. सतत दौरे, थकवा, पैशांची ओढाताण, आणि १९६७ मध्येच मूळचे पाच जण वेगळे झाले. बॉनिवेल एकटा वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीकडे गेला आणि १९६८ मध्ये ‘द बॉनिवेल म्युझिक मशीन’ नावाने अल्बम आला, त्यात मूळच्या पाच जणांनी वाजवलेलीही गाणी आहेत, म्हणून तो सोडू नका. १९६९ मध्ये त्याने टी. एस. बॉनिवेल या नावाने ‘क्लोज’ हा अगदी निराळा, मऊ अल्बम केला आणि मग या धंद्यातून बाहेर पडला. डिसेंबर २०११ मध्ये तो गेला.

बाकीच्यांचं ऐकून मात्र तुम्ही चकित व्हाल. ऱ्होड्स आणि एडगर ‘द मिलेनियम’ या बँडमध्ये गेले, त्यांचा १९६८ चा ‘बिगिन’ हा अल्बम सनशाईन पॉपवाले, म्हणजे त्या काळच्या गोड, प्रसन्न पॉपचे चाहते, अजून डोक्यावर घेतात. आणि बासवाला कीथ ओल्सन पुढे मोठा प्रोड्युसर झाला. लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स या जोडीचा ‘बकिंगहॅम निक्स’ हा अल्बम त्याचा, आणि फ्लीटवूड मॅक या गाजलेल्या बँडचा १९७५ चा अल्बमही त्याचाच. त्यानेच त्या बँडच्या ड्रमर मिक फ्लीटवूडला बकिंगहॅम-निक्सचं काम ऐकवलं आणि त्यातून ती दोघं त्या बँडमध्ये आली! म्हणजे ज्या बँडला लोक एका गाण्याचा म्हणतात त्याच्या बास गिटारपासून एक वाट थेट तिथपर्यंत जाते. ‘टॉक टॉक’ही विसरलं गेलं नाही म्हणा, रॉक गायक ॲलिस कूपरने १९८० मध्ये ते गायलं आणि साठच्या दशकातल्या अशाच बँडच्या गाण्यांचा संग्रह असलेल्या ‘नगेट्स’च्या १९९८ मध्ये आलेल्या मोठ्या बॉक्स सेटमध्येही ते आहे.

आपल्याकडे त्या काळात असं काही वाजत होतं का? – एक वाचक, मडगाव

होतं तर. इंपीरियल टोबॅको कंपनी आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची बँडची स्पर्धा घ्यायची, तिच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी निघाल्यात. देशभरच्या शहरांतली कॉलेजची पोरं, फझ गिटार, ऑर्गन, सगळं आहे त्यात, आणि काही गाणी खरोखर दमदार आहेत. मुंबईत ‘द सॅव्हेजेस’ होते, आणि तुमच्याकडचे रेमो फर्नांडिस तिथल्या जेजे कॉलेजात आर्किटेक्चर शिकत असताना त्यांच्यात वाजवत होते. यावर एक स्वतंत्र अंक करावा असं फार मनात आहे, तुमच्या घरी किंवा ओळखीत कोणाकडे त्या काळच्या रेकॉर्ड, पोस्टर, फोटो असतील तर नक्की कळवा.

मला एवढा वेळ नाही. पाच गाणी सांगा आणि कुठे मिळतील ते सांगा. – एक वाचक, कोल्हापूर

‘टॉक टॉक’, ‘ट्रबल’, ‘डबल यलो लाईन’, ‘हे जो’, ‘द ईगल नेव्हर हंट्स द फ्लाय’, याच क्रमाने. ‘ट्रबल’ मोठ्या आवाजात लावा, शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. सीडी घेणार असाल तर ‘द अल्टिमेट टर्न ऑन’ हा दोन सीडींचा सेट बघा, पहिला अल्बम त्यात आहेच, शिवाय नंतरची सिंगल्सही आहेत, ‘ईगल’ धरून. ऑनलाईन ऐकणार असाल तर कलाकाराचं नाव नीट तपासा, ‘टॉक टॉक’ नावाचा ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश बँडही आहे आणि सर्चमध्ये आधी तोच वर येतो, म्हणून ‘म्युझिक मशीन १९६६’ असं टाका.