बारा हजारांचं झुंबर आणि ‘बिनव्याजी’ हप्ता

प्रश्न: सांगलीत गावभागात आमचं जुनं दुमजली घर आहे. दिवाळीनंतर मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. दारातून आत आलं की सोप्यात 60 वॅटचा पिवळा बल्ब लोंबतोय, त्याची लाज वाटते. सहा बल्बांचं एक झुंबर पसंत केलंय. किंमत 12,000, सहा महिने 2,000 चा बिनव्याजी हप्ता. रोख घेतलं तर 10,800 ला मिळेल. वीजबिलातच पैसे वसूल होतील, असं दुकानदार म्हणतो. ह्यांचा पगार 36,000 आहे आणि अडीअडचणीला म्हणून 60,000 ची एफडी ठेवलीय. घ्यावं का?

उत्तर: ताई, दिवा जरूर बदला. हे झुंबर मात्र नको, आणि हप्त्यावर तर मुळीच नको.

आधी ‘बिनव्याजी’चं बघू. रोख किंमत 10,800 असताना तुम्ही 12,000 भरणार. वरचे 1,200 म्हणजेच व्याज, फक्त त्याला तसं नाव दिलेलं नाही. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला, तर हा दर वर्षाला जवळपास 37 टक्के पडतो. सोनेतारण कर्जसुद्धा याहून स्वस्त मिळतं. शिवाय प्रोसेसिंग फी असली तर तिच्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. पाट्या तरीही लागतातच.

आता वीजबिल. तुमचा बल्ब रोज पाच तास जळतो असं धरलं, तर वर्षाला साधारण 110 युनिट होतात. युनिटला सगळे आकार धरून 10 रुपये मोजले तर 1,100 रुपये. झुंबरातले सहा बल्ब पाच-पाच वॅटचे असले तर 55 युनिट, म्हणजे वर्षाला 550 वाचतील. 10,800 वसूल व्हायला एकोणीस-वीस वर्षं जातील! आणि आहे त्याच होल्डरमध्ये 9 वॅटचा एलईडी बल्ब लावलात तर वर्षाला 16 युनिटच लागतात, बचत 900 च्या वर. तो बल्ब शे-दीडशे रुपयांत येतो. दुकानदाराचा मुद्दा खरा मानला, तर तो झुंबराच्याच विरोधात जातो.

पण पाहुणे येणार आणि नुसता बल्ब बदलायचा, हे तुमच्या मनाला पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दाराच्या आत भिंतीवर लावायचा एक चांगला वॉल लाइट दीड हजाराच्या आत बसवा. घेताना एक बघा: बल्ब बदलता येईल असा होल्डर आहे ना? एलईडी आतच पक्की बसवलेले दिवे दिसतात देखणे, पण एकदा गेले की बहुतेक वेळा अख्खा दिवा टाकावा लागतो. उजेड पिवळसर, 3000 केल्विनचा घ्या. पांढऱ्याफेक प्रकाशात जुन्या भिंतीचा प्रत्येक पोपडा दिसतो. दिवा दाराबाहेर लावणार असाल तर खोक्यावरचा आयपी आकडा बघा, पाणी-धुळीपासून दिवा किती सुरक्षित ते तो सांगतो: पावसाचे शिंतोडे येत असतील तर आयपी 44, अगदी उघड्यावर असेल तर आयपी 65. वायरमनची मजुरी धरून सगळं दोन-अडीच हजारांत होईल. हे एका महिन्याच्या पगारातून जाऊ द्या, एफडीला हात लावू नका. 60,000 म्हणजे पावणेदोन महिन्यांचा पगारही नाही. उलट ती वाढवायला हवी.

तुम्ही गावभागात राहता म्हणून एक जास्तीची गोष्ट लिहितो. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, 2021 मध्येही पाणी शहरात शिरलं. तुमच्या भिंतीवर पुराची खूण असेल, तर खालच्या मजल्याचे स्विचबोर्ड तिच्या वर आहेत का ते त्याच वायरमनकडून बघून घ्या. मेन बोर्डाला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. आपल्याकडचे वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. ओल्या भिंतीत करंट उतरला की तो वीज तोडतो. झुंबराचे जे आठ हजार वाचले, ते आधी इथे खर्च करा.

उरतील त्यातून घराचा विमा. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी द्यावीच लागते. तिच्यात पूर धरलेला आहे, आणि घराचा विमा काढला की घरातल्या सामानालाही घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख, संरक्षण आपोआप मिळतं. जुनं बांधकाम आहे, तेव्हा अर्जात बांधकामाचं वर्ष आणि भिंती कशाच्या आहेत ते खरं लिहा. दाव्याच्या वेळी कटकट तिथेच होते.

दिव्याचं पक्कं बिल घ्या, त्यावर वॉरंटी आणि तारीख लिहून घ्या. वायरमनला मात्र नवरात्रातच बोलवा; दिवाळीच्या तोंडावर तो फोनसुद्धा उचलत नाही.