मूडलवर चाचणी घेताना

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात यंदापासून अंतर्गत चाचण्या मूडल या ऑनलाइन शिकवण्या-चाचण्यांच्या प्रणालीवर होणार आहेत. माझी बहुपर्यायी प्रश्नपेढी वर्डमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. एकेन पद्धतीची (बहुपर्यायी प्रश्न साध्या टेक्स्टमध्ये लिहिण्याची ठरावीक मांडणी) फाइल करून चढवली तर सगळी इंग्रजी अक्षरंच दिसतात. सगळं पुन्हा टाइप करायचं का?
– मराठीच्या एक प्राध्यापिका

उत्तर: मुळीच नाही. जुन्या फॉन्टच्या फाइलीत साठलेले असतात ते इंग्रजी अक्षरांचे संकेत. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. एकेनची फाइल साधी टेक्स्ट असते, तिच्यात फॉन्ट टिकत नाही. म्हणून मजकूर आधी फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत) आणा आणि मग ओळ न् ओळ वाचा. चुका ठरावीक जागी सापडतील: पहिली वेलांटी (जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते), रफार आणि ‘दुसऱ्या’तला ऱ्या. शुद्धलेखनाच्या प्रश्नात एक वेलांटी सरकली तरी बरोबर पर्याय चुकीचा ठरतो, त्यामुळे इथे घाई नको.

नंतर नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. अख्खा प्रश्न एकाच ओळीत हवा, मध्ये एंटर नको. पर्यायांना अ, ब, क, ड चालत नाही. इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डी, पुढे टिंब आणि एक जागा मोकळी. शेवटच्या ओळीतला ‘आन्सर’ हा शब्दही इंग्रजी कॅपिटलमध्ये, त्यापुढे कोलन आणि बरोबर पर्यायाचं अक्षर. मूडल एरवी चूक सापडताच थांबतं आणि त्या फाइलीतला एकही प्रश्न घेत नाही. आधी पाचच प्रश्नांची फाइल चढवून पाहा.

प्रश्न: सकाळच्या तुकडीची चाचणी झाली की दुपारच्या तुकडीला उत्तरं पाठ असतात. काय करावं?

उत्तर: चाचणीच्या सेटिंगमध्ये ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’ उघडा. ‘राइट आन्सर’ची खूण फक्त शेवटच्या, म्हणजे चाचणी बंद झाल्यानंतरच्या रकान्यात ठेवा, बाकीच्या काढा. बंद होण्याची वेळ मात्र नक्की भरा. ती नसेल तर चाचणी बंदच होत नाही आणि उत्तरं कोणालाच कधी दिसत नाहीत. शिवाय साठ प्रश्नांच्या गटातून वीस ‘रँडम’ घ्या.

वीज गेलेल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यांची वेळ बदलू नका, ‘युजर ओव्हरराइड’ (एकाच विद्यार्थ्याला वेगळी वेळ देण्याची सोय) वापरा. त्यात कालावधी आणि बंद होण्याची वेळ दोन्ही वाढवा. नुसता कालावधी वाढवला तर जुन्या वेळेलाच पेपर बंद होतो.