भिवंडीला रुजू होताना

प्रिय मित्रा,

उपनिरीक्षक म्हणून तू भिवंडीला रुजू होतोयस. तिथं गेल्या गेल्या कुणीतरी सांगेल, "साहेब, या मोहल्ल्यातले लोक पोलिसांना सहकार्यच करत नाहीत." ऐकून घे, पण लगेच खरं मानू नकोस.

लोक का गप्प बसतात, हे सरकारी कागदांतच आहे. १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन आयोगानं अटकांमधला आणि तपासातला धार्मिक पक्षपात नोंदवला. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींविषयी श्रीकृष्ण आयोगानं १९९८ मध्ये दिलेल्या अहवालातही मुसलमानांबाबत पोलिसांनी केलेला दुजाभाव दिसतो. दोन्ही अहवाल सवडीनं वाच. तुझा त्यात काही दोष नाही, पण तुझ्या अंगावर वर्दी तीच आहे.

सुरेश खोपडे १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त होते. १९८४ ची दंगल लोकांच्या मनात ताजी होती. शांतता समित्या सगळीकडे असतातच. त्यांत पुढारी बसतात आणि सणाच्या तोंडावर चहा पिऊन उठतात. खोपड्यांनी मोहल्लावार समित्या केल्या. हिंदू आणि मुसलमान जवळपास सारखे, त्यात साधी कामकरी माणसं, आणि सोबत त्या भागातले पोलीस. बैठका नियमित व्हायच्या आणि बोलणं बहुतेक रोजच्या भांडणतंट्यांचं असायचं. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नळावरची कटकट मिटवायला ज्या हवालदाराकडे चार वेळा गेलो, त्याला अफवेच्या रात्री फोन करायला माणूस कचरत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तोवर खोपड्यांची बदलीही झालेली होती.

ही घडी कायम टिकत नाही, हेही लक्षात ठेव. २००६ मध्ये याच गावात पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद चिघळला. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावानं दोन पोलिसांचा जीव घेतला. त्या दोघांच्या घरच्यांचाही विचार कर.

आता तुझ्या टेबलाचं. तिथं फिर्याद द्यायला येणारा उर्दू, भोजपुरी, तेलुगू बोलणारा असेल. त्याचा जबाब तू मराठीत उतरवशील. सही घेण्याआधी तो त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखव आणि एफआयआरची प्रत मोफत हातात दे. वाचून दाखवणं आणि मोफत प्रत देणं कायद्यातच आहे, पण घाईत नेमकं तेच राहतं. चोरीचा तपास लागला नाही, तरी फिर्यादीला बोलावून तसं सांग. रात्री कोंबिंगला, म्हणजे संशयितांच्या शोधमोहिमेला, जाशील तेव्हा संशयित कोण हे आधी ठरव. गल्लीतली दिसतील ती पोरं गाडीत भरू नकोस. एका रात्रीत उचललेली दहा निरपराध पोरं म्हणजे दहा घरं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या घरांतून तुला एकही साक्षीदार मिळणार नाही.

एकाच मौलवीच्या किंवा एकाच नगरसेवकाच्या तोंडून मोहल्ला ऐकू नकोस. यंत्रमागावरची पाळी सुटते तेव्हा पायी फेरी मार. बायकांशी बोलायला महिला अंमलदार सोबत ने. घरातलं खरं दुखणं त्याच सांगतात.

पहिल्या महिन्यात भेटलेल्या माणसांची नावं नि त्यांच्या अडचणी एका वहीत लिहून काढ. त्यातलं काय सुटलं, काय राहिलं, तेही लिहीत जा. बदली होईल तेव्हा ती वही तुझ्या जागी येणाऱ्याच्या हातात दे, आणि जमलं तर दोन दिवस त्याच्यासोबत गल्लीतून फिर.

तुझा,
एक निवृत्त सहकारी