एकाकी, विलग की एकांडा?

प्रश्न असा : ‘आयसोलेटेड न्यूट्रॉन स्टार’साठी भाषांतरकाराने ‘एकाकी न्यूट्रॉन तारा’ लिहिलं, संपादकांनी त्याचं ‘विलग’ केलं. बरोबर कोण? (न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे उरलेला अतिशय दाट गाभा.)

माझ्या मते दोघंही नाहीत. २०२० नंतर ‘विलग’ म्हटलं की आधी रुग्णच डोळ्यांसमोर येतो. ‘एकाकी’ संस्कृतात नुसतं ‘एकटा’; मराठीत त्याला उदासी चिकटली. एकाकी म्हातारपण म्हणतो आपण. ताऱ्याला कसलं दुःख!

इथे मुद्दा एकटेपणाचा नाहीच, जोडीदार नसण्याचा आहे. जोडीदार तारा पुरेसा जवळ असला की न्यूट्रॉन तारा त्याच्याकडचा वायू ओढू शकतो. तो वायू तापून इतके क्ष-किरण फेकतो की ताऱ्याचा स्वतःचा पृष्ठभाग त्या झगमगाटात हरवतो. जोडीदार नसेल तर दिसते ती ताऱ्याची अंगची धग, आणि मोजायची असते तीच. १९९६ मध्ये जाहीर झालेला ‘आरएक्स जे १८५६.५-३७५४’ हा असाच जोडीदार नसलेला तारा घ्या. दक्षिण मुकुट तारकासमूहात, सुमारे ४०० प्रकाशवर्षांवर. क्ष-किरणांच्या वर्णपटावरून त्याचं तापमान काही लाख अंश निघतं. साध्या प्रकाशात मात्र तो इतका मंद की हबलसारखी दुर्बीण लागते. तापमान, अंतर आणि इथवर पोचणारं तेज हाती आलं की त्रिज्येचा हिशेब मांडता येतो. (तीही ‘दिसणारी’ त्रिज्या बरं का. गुरुत्वामुळे प्रकाश वाकतो, म्हणून तारा आहे त्याहून मोठा भासतो. ‘त्रिज्या’ असं मोघम लिहिणाऱ्या भाषांतरकारांनी इथे सांभाळावं.) तो सुमारे सात सेकंदांत एक गिरकी घेतो, हे कळायला २००७ साल उजाडलं, कारण त्याच्या क्ष-किरणांतला चढउतार जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे.

म्हणून मला ‘एकांडा’ आवडतो. एकांडा शिलेदार आठवा : शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी. जोडीदाराच्या वायूवर चमकणारा न्यूट्रॉन तारा झाला बारगीर; आपल्याच धगीवर दिसणारा तो शिलेदार. या शब्दाला थोडा हेकटपणाचा वास आहे, हे कबूल. पाठ्यपुस्तकात तो खटकत असेल तर सरळ ‘जोडीदार नसलेला न्यूट्रॉन तारा’ लिहावं. लांबलं तरी अर्थ चुकत नाही.

आणखी एक सोय. ‘एकाकी’, ‘विलग’ वाक्यात कुठेही ठेवा, तसेच ताठ राहतात. एकांडा मात्र मराठी वळणाने चालतो : एकांडे तारे, एकांड्या ताऱ्याची त्रिज्या, एकांड्या ताऱ्यांचं निरीक्षण.