नियम सगळ्यांना सारखा, मग तक्रार कसली?

प्रश्न : लेक-जावई अमेरिकेत व्हर्जिनियात असतात. 2021 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीपासून 'क्रिटिकल रेस थिअरी'वरून घरात वाद आहे. नात सातवीत. शाळेत तिला गोऱ्यांचा द्वेष शिकवतात, असं जावई म्हणतात. लेक म्हणते, असलं काही शाळेत नसतंच. खरं काय? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, ही थिअरी म्हणजे कायदा आणि वंशभेद यांचं नातं तपासणारी विचारधारा. माझी हयात कामगार न्यायालयात गेली, त्यामुळे ती समजवायला मी तिथूनच सुरुवात करते.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जनरल मोटर्सच्या कारखान्यात 1964 पूर्वी काळ्या बायकांना जवळपास कामावर घेतच नसत. पुढे मंदी आली, कपात झाली. नियम सरळ : शेवटी आला तो आधी घरी. 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम 25-जी हेच सांगायचं आणि कामगाराच्या बाजूने मी ते कितीदा तरी वापरलंय. पण तिथे या नियमाने नेमक्या काळ्या बायकाच बाहेर पडल्या. आधी दारच बंद, तर ज्येष्ठता येणार कुठून? पाच जणींनी दावा लावला. 1976 मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनीने बायका घेतल्या होत्या, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. (त्या गोऱ्या होत्या आणि ऑफिसात होत्या, ते सोडा.) वंशाची तक्रार असेल, तर कंपनीवर तसा दुसरा दावा चालू आहे, त्यात जा. दोन्हीची मोट बांधून वेगळी तक्रार चालणार नाही.

कायद्याच्या प्राध्यापक किम्बर्ले क्रेन्शॉ यांनी 1989 मध्ये याच निकालाची चिरफाड केली. त्यांच्या आधी हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक डेरिक बेल असेच प्रश्न विचारत होते. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, तरी फटका ठरावीक लोकांनाच का बसतो, हा या थिअरीचा गाभा. विषय लॉ कॉलेजचा. सगळ्यांना तो पटला असंही नाही. हार्वर्डचेच काळे प्राध्यापक रँडल केनेडी यांनी त्याच वर्षी त्यावर कडक टीका केली होती.

शाळेपर्यंत पोचलं ते फक्त नाव. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रम्प यांनी सरकारी प्रशिक्षणांत असलं शिकवण्याविरुद्ध आदेश काढला, पुढच्या वर्षी गव्हर्नरपदाचे उमेदवार ग्लेन यंगकिन व्हर्जिनियात याला विरोध करूनच गाजले आणि जानेवारी 2022 मध्ये पदावर येताच पहिला आदेश त्यांनी शाळांतल्या याच विषयाविरुद्ध काढला. तोवर गुलामगिरीच्या धड्यापासून शिक्षकांच्या कार्यशाळेपर्यंत सगळ्यालाच लोक हे नाव देऊ लागले होते.

म्हणजे सातवीत ही थिअरी शिकवत नाहीत, लेकीचं बरोबर. पण एखाद्या शिक्षकाने वर्गात पोरांना कातडीच्या रंगावरून वेगवेगळं बसवलं, तर जावयांबरोबर मीसुद्धा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाईन. तसं घडलंय का, हे ग्रुपवरच्या फॉरवर्डवरून कळणार नाही. व्हर्जिनियात कुठल्या इयत्तेला काय शिकवायचं, ते राज्याने छापून दिलेलं असतं, कुणालाही बघता येतं. ते आणि नातीची इतिहासाची वर्कशीट लेक-जावयांनी एकत्र बसून वाचावी. आणि नातीला विचारा ना, वर्गात तीच बसते!