क्रिमिनॉलॉजी घेऊ द्या, पण सोबत काय घेते ते बघा

पत्र : "नमस्कार ताई. आम्ही मूळचे सोलापूरचे, गेली सहा वर्षं इंग्लंडात स्लाऊला आहोत. मुलगी यंदा जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला आहे. पुढच्या दोन वर्षांच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या अर्जात तिने क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र), सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी हे तीन विषय भरलेत. केमिस्ट्रीत मॉकला, म्हणजे सराव परीक्षेत, ९ पैकी ७ ग्रेड आलीय, तरी ती सोडायची म्हणते. एक दिवस फॉरेन्सिकमध्ये जायचं असतं, दुसऱ्या दिवशी पोलिसात. हा विषय खरा आहे की टीव्ही बघून डोक्यात शिरलेलं खूळ? युनिव्हर्सिटी याला धरते का? माझी आई फोनवर विचारते, पोरगी चोर पकडणार का चोरांचा अभ्यास करणार? मला काही सांगता येत नाही."

नमस्कार.

आजींना सांगा, चोरांचा अभ्यास करणार. पकडायचं खातं वेगळं. आणि त्या अभ्यासातही चोर कमी, कायदे करणारे, गुन्हे मोजणारे आणि शिक्षा देणारे जास्त. हे मी पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगते, तेव्हा दोन-तीन चेहरे उतरतातच.

विषय खरा आहे. मात्र इंग्लंडात क्रिमिनॉलॉजीची ए-लेव्हल (इथली बारावीच्या तोडीची परीक्षा) नाही, हे पालकांना कुणी स्पष्ट सांगत नाही. कॉलेजांत आजवर चालत आलाय तो मुख्यतः डब्ल्यूजेईसी या वेल्सच्या परीक्षा मंडळाचा लेव्हल ३ अप्लाइड डिप्लोमा. आकाराने एका ए-लेव्हलएवढा, ग्रेड तशाच, युनिव्हर्सिटी प्रवेशाचं काम बघणाऱ्या यूकॅसचे पॉइंटही तेवढेच : ए ला ४८, बी ला ४०. चार युनिटं. दोन युनिटांची दीड-दीड तासाची लेखी परीक्षा. उरलेल्या दोन युनिटांचं काम वर्गातच करायचं, देखरेखीखाली प्रत्येकी आठ तास, आपल्या टिपणांची फाइल जवळ ठेवून. ज्यांची फाइल नीट, त्यांचं काम नीट. जी मुलं वर्षभर 'घरी लिहितो मिस' म्हणतात, ती त्या आठ तासांत कोरा कागद बघत बसतात.

सध्या सरकारने लेव्हल ३ च्या अभ्यासक्रमांची फेररचना काढली आहे. तेव्हा तुमच्या कॉलेजात सप्टेंबरपासून नेमकं कोणतं प्रमाणपत्र शिकवणार, त्याचं पूर्ण नाव काय आणि पॉइंट किती, हे ओपन ईव्हनिंगला विचारून लिहून आणा. 'ए-लेव्हलसारखंच आहे' या उत्तरावर उठून येऊ नका.

युनिव्हर्सिट्या धरतात का? बऱ्याचशा धरतात. पण लॉसारख्या चढाओढीच्या कोर्सना काही ठिकाणी तीन ए-लेव्हलच लागतात. तिथे हा डिप्लोमा तिसरा विषय म्हणून चालत नाही. आणि गंमत अशी, की पुढे क्रिमिनॉलॉजीचीच डिग्री करायची असली, तरी कॉलेजात क्रिमिनॉलॉजी घेतलेलीच हवी अशी अट नसते.

म्हणजे माझी तक्रार या विषयाबद्दल नाही, लेकीच्या तिकडीबद्दल आहे. सोशिऑलॉजीत गुन्हा आणि विचलन (समाजाचे नियम सोडून वागणं) हा मोठा भाग असतो. सायकॉलॉजीत पुष्कळ कॉलेजं फॉरेन्सिक सायकॉलॉजीचा घटक निवडतात. क्रिमिनॉलॉजीत हे दोन्ही परत. तिन्ही विषय एकाच आळीतले. आळी आवडली तर दोन वर्षं मजेत जातील, पण नंतर बाहेर पडायला रस्ता एकच.

आणि तिला फॉरेन्सिक म्हणजे प्रयोगशाळा अभिप्रेत असेल, तर ही तिकडी तिला तिथे नेतच नाही. फॉरेन्सिक सायन्सच्या डिग्रीला साधारणपणे केमिस्ट्री किंवा बायॉलॉजी मागतात. मॉकला ७ असताना केमिस्ट्री सोडणं म्हणजे तिकीट काढून गाडी सोडण्यासारखं आहे. फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर वाट निराळी : ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली सायकॉलॉजीची डिग्री, त्यावर आणखी काही वर्षांचं प्रशिक्षण आणि शेवटी कायद्याने लागणारी नोंदणी. पोलिसात जायला विशिष्ट विषय लागत नाही, आता तर डिग्रीविनाही भरती होता येतं. 'फॉरेन्सिक' हा एकच शब्द ती दोन वेगळ्या नोकऱ्यांसाठी वापरत नाही ना, एवढं शांतपणे विचारा. माझ्यासमोर बसणाऱ्या दहातल्या सहा-सात मुलींचा घोळ इथेच असतो.

माझ्या मते क्रिमिनॉलॉजी, सायकॉलॉजी आणि केमिस्ट्री. केमिस्ट्रीला अगदीच नकार असेल तर मॅथ्स. 'गुन्ह्यात मॅथ्स कशाला?' असं ती विचारेल. तिला सॅली क्लार्कची केस वाचायला द्या. ही बाई स्वतः सॉलिसिटर, म्हणजे वकील. दोन तान्ही बाळं एकामागून एक गेली, आणि १९९९ मध्ये ज्युरीने तिला खुनी ठरवलं. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं होतं, की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकपणे अशी अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. आकडा कुठून आला? एका मृत्यूची शक्यता ८,५४३ त एक धरली आणि त्याचा वर्ग केला. लेकीला कॅल्क्युलेटरवर करून बघू द्या. गुणाकार बरोबर आहे, तो करणंच चूक होतं. दोन भावंडांचं रक्त एक, घर एक. मग एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याशी संबंध नाही असं कसं धरायचं? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून हा दोष दाखवला. शिक्षा रद्द झाली २००३ मध्ये, तीही मुख्यतः दडून राहिलेल्या वैद्यकीय तपासणीच्या निकालामुळे. सुटल्यावर चार वर्षांनी ती बाई वारली. ज्युरीत बसलेल्या एकाला जरी हा वर्ग खटकला असता तर, असं मला दर वेळी वाटतं.

आता जरा अवघड प्रश्न. तुम्ही लिहिलं नाहीत, पण सहा वर्षं म्हटल्यावर विचारणं भाग आहे : तुमचा आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, झालाय का? युनिव्हर्सिटी सुरू होते त्या दिवशी मुलीकडे कायम वास्तव्याचा दर्जा आणि मागची तीन वर्षं इथलं राहणं, हे दोन्ही नसेल, तर वर्क व्हिसावरच्या घरातल्या मुलीला साधारणपणे आंतरराष्ट्रीय फी लागते. इथल्या मुलांची फी, म्हणजे होम फी, २०२५-२६ साठी कमाल ९,५३५ पौंड आहे. आंतरराष्ट्रीय फी कित्येक ठिकाणी त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. पोलिसांतही ब्रिटिश नसलेल्या उमेदवाराच्या राहण्यावर मुदतीचं बंधन असून चालत नाही. विषयांवरून भांडण्याआधी नवरा-बायकोने आयएलआरची तारीख कॅलेंडरवर बघा.

खूळ आहे की आवड, हे ओळखायला एक काम सांगते. सुट्टीच्या एका मंगळवारी तिला घेऊन रेडिंगच्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात तिथे, जा. सार्वजनिक गॅलरीत कुणालाही फुकट बसता येतं. फोन बंद, फोटो नाही, खाणं नाही. मी दरवर्षी मुलांना नेते. पहिला तास बहुधा असा जातो : वकील उठतो, कागद आले नाहीत म्हणतो, तारीख पडते. दुसरा उठतो, व्हिडिओ लिंक लागत नाही. मग एखाद्या पोराला शिक्षा सुनावतात. न्यायाधीश पंधरा मिनिटं वाचतात आणि मागच्या बाकावर त्याची आई बॅगेचा पट्टा पिळत बसलेली असते. येताना ट्रेनमध्ये लेक काय बोलते ते ऐका. 'बोअर झालं' म्हणाली तर वाईट नाही, खरंच बोअर असतं. 'त्या मुलाला एवढीच शिक्षा का?' किंवा 'एवढी का?' असं विचारलं, तर विषय तिचा आहे.

शेवटी सोलापूरचं. दुसऱ्या युनिटात तिला लोम्ब्रोसो भेटेल. हा इटालियन डॉक्टर. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि कवटीच्या ठेवणीवरून ओळखू येतो, असं त्याने १८७६ च्या पुस्तकात मांडलं. वर्गातली मुलं त्याच्या चित्रांना हसतात. आमच्या मराठी घरांतल्या मुलींनी मात्र हसून पुढे जाऊ नये. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. इथे कवटी मोजायचीही गरज नव्हती, जात पुरेशी होती. तुमच्या सोलापुरातली सेटलमेंट ही त्याचीच वसाहत : तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी. स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, ही माणसं कायद्यातून सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. आजींनी ते कुंपण पाहिलेलं असू शकेल, नाहीतर त्यांच्या आईने. 'पारधी दिसला की ठाण्यात' हे तर तुम्हीही ऐकत वाढला असाल.

लेबल लावलं की माणूस तसाच होतो, की लेबल लावणाऱ्याला तो तसा दिसायला लागतो, यावर त्याच युनिटात एक अख्खा सिद्धांत आहे. उदाहरण म्हणून सगळी मुलं पुस्तकातलंच लिहितात. तुमच्या लेकीने आजीला फोन लावून दोन पानं टिपणं काढली, तर त्यांची सर पुस्तकाला येणार नाही. आजींनाही कळेल, नात नक्की काय शिकतेय.

बाकी, ऑगस्टमध्ये निकालानंतर नावनोंदणीच्या वेळी विषय बदलता येतात, आणि बहुतेक कॉलेजं सप्टेंबरचे पहिले काही आठवडेही मुभा देतात. त्या मुभेची शेवटची तारीख विचारून ठेवा. तोवर केमिस्ट्रीची पुस्तकं कुणाला देऊन टाकू नका.