पेट्रोलमध्ये इथेनॉल मिश्रण सक्तीचं झालं, मग धुळे-जळगावच्या मक्याला हमीभाव नक्की मिळेल का?

नाही, नक्की असं काही नाही. 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य तेल कंपन्यांना आहे, मका घेणाऱ्याला नाही. मक्याच्या इथेनॉलचा दर सरकारी तेल कंपन्या ठरवतात (2023-24 मध्ये लिटरला 71.86 रुपये), पण डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉल बनवणारा कारखाना, मका बाजारभावानंच घेते. त्यात तिला अन्न महामंडळाचा तांदूळ सवलतीत मिळाला, की मक्याची ओढ कमी होते. माझ्या मते धोरणात बदल हवा तो इथेच: इथेनॉलचा दर मिळवायचा तर शेतकऱ्याला हमीभाव दिल्याची पावती दाखवा. मात्र नाफेड-एनसीसीएफ या केंद्रीय सहकारी संस्थांमार्फत हमीभावानं मका घेऊन डिस्टिलरींना देण्याची योजना आहे. त्यासाठी आधी नोंदणी लागते. आणि मका नीट वाळवूनच न्या, ओलाव्यावरच भाव पाडतात.